शारदा, नीरा आणि सुलभा

मराठी रंगभूमीच्या इतिहासात आपल्या इंदूर नगरीचे नाव एका विशेष कारणाने नोंदले गेले आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ च्या जानेवारीत येथेच, इंदुरात केला. द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या धनाढ्य म्हाताऱ्याला देऊ पाहतो, ही त्या नाटकाची कथा. तेव्हा अशी लग्ने समाजात उघडपणे होत असत, आणि ती लावून देणाऱ्यांना कोणी दोषही देत नसे. अशा काळात एका नाटककाराने त्या मुलीचे दुःख रंगमंचावर मांडले, ही गोष्ट लहान नव्हे.

शारदेनंतर अडतीस वर्षांनी ‘कुंकू’ या चित्रपटातील नीरा आली, आणि नीरेनंतर पंचेचाळीस वर्षांनी ‘उंबरठा’ या चित्रपटातील सुलभा आली. या तिघींची गाठ घालून देणे, आणि त्यांच्या निमित्ताने स्त्रीप्रधान चित्रपट कसा पाहावा याचा थोडा विचार करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. चित्रपट ही केवळ दोन घटकांची करमणूक आहे, अशी समजूत पुष्कळांची असते. परंतु घरातील मुलीने कसे वागावे, काय सोसावे आणि कोठे ‘नाही’ म्हणावे, याविषयीच्या आपल्या कल्पना बऱ्याच अंशी या करमणुकीतूनच घडत असतात. म्हणून ती डोळस होऊन पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. शारदेचे दुःख रंगमंचावर आले, तेव्हा ते बोलून दाखवणारा नट पुरुष होता. कारण किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. चित्रपटाची सुरुवातही अशीच झाली. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, आणि अखेर साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून उभे करावे लागले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले. भारतीय पडद्यावर उभ्या राहिलेल्या या पहिल्या स्त्रिया होत. पुढे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट निघाला, आणि त्यात दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली. प्रतिष्ठित घराण्यातील एका सुशिक्षित स्त्रीने सिनेमात जावे, याचा तेव्हा मोठा गवगवा झाला. पडद्यावरील स्त्रीने बंड करण्याआधी पडद्यावर येण्यासाठीच स्त्रीला बंड करावे लागले, हा इतिहास विसरून चालणार नाही.

याच दुर्गाबाईंनी १९३६ सालच्या ‘अमर ज्योती’ या हिंदी चित्रपटात सौदामिनीची भूमिका केली. राज्याचा कायदा सौदामिनीला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो. तेव्हा ती चवताळून उठते, समुद्रावर जाऊन चाच्यांची नायिका होते आणि अन्यायी सत्तेशी झुंज घेते. ‘कणखर नायिका’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा अशीच हाती तलवार घेतलेली मूर्ती उभी राहते. ती पाहून मनाला उभारी येते, यात शंका नाही. परंतु सौदामिनीचे जग काल्पनिक आहे. प्रेक्षागृहातून घरी परतणाऱ्या स्त्रीजवळ गलबत नसते आणि तलवारही नसते. तिच्यापुढे स्वयंपाकघर असते, माजघर असते, आणि चार माणसांत आपले म्हणणे मांडण्याचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाला भिडणारा चित्रपट पुढच्याच वर्षी निघाला.

तो चित्रपट म्हणजे ‘कुंकू’. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तो १९३७ साली काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते, आणि कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली होती. हिंदीत तोच चित्रपट ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. नीरा ही मामाच्या आश्रयाने वाढलेली पोरकी मुलगी. पैशाच्या लोभाने तिला फसवून तिचे लग्न काकासाहेब नावाच्या वृद्ध, विधुर वकिलाशी लावून दिले जाते. काकासाहेबांना तिच्याच वयाची मुले आहेत. येथवर ही कथा शारदेचीच होय. मात्र शारदेच्या नाटकात जे लग्न टळते, ते येथे होऊन जाते, आणि खरा चित्रपट त्यानंतर सुरू होतो.

नीरा काय करते? ती पळून जात नाही आणि जीवही देत नाही. ती त्याच घरात राहते. परंतु हा विवाह आपल्याला मान्य नाही, असे स्पष्टपणे सांगते आणि काकासाहेबांची पत्नी म्हणून वागण्याचे नाकारते. आर्जवे होतात, रागावणे होते, घरातील वडीलधारी बाई टोमणे मारते, तरी ती ढळत नाही. सावत्र मुलगा तिच्याशी चावटपणा करू पाहतो, तेव्हा ती त्याला छडीने चांगलीच अद्दल घडवते. ‘दुःख सोसता येईल, पण अन्याय मान्य करता येणार नाही’ असा तिच्या वागण्याचा एकंदर अर्थ आहे. शांता आपटे यांनी ही भूमिका इतक्या तेजाने वठवली, की आजही मराठी चित्रपटातील बाणेदार नायिकांची गणना नीरेपासूनच सुरू होते.

या चित्रपटाची मांडणीही अभ्यासण्याजोगी आहे. बोलपट नुकतेच रुळले होते, आणि पार्श्वसंगीताचा सोस सर्वत्र वाढत होता. अशा वेळी शांतारामांनी ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत मुळीच वापरले नाही, घरातल्या आणि रस्त्यावरच्या स्वाभाविक आवाजांवरच काम भागवले. काकासाहेबांच्या घरातील भिंतीवरचे जुने घड्याळ पुन्हा पुन्हा आपल्यापुढे येते. त्याची टिकटिक ऐकताना काकासाहेबांचे सरत आलेले आयुष्य आणि नीरेचे वाया चाललेले तारुण्य या दोहोंची जाणीव प्रेक्षकाला होते, आणि कोणी पात्र ते बोलून दाखवीत नाही. लेखक शब्दाने सांगतो ते चित्रपट वस्तूने आणि आवाजाने सांगतो, हे समजण्यासाठी विद्यार्थ्यांनी हे घड्याळ अवश्य पाहावे.

नीरेला या घरात एक आधार मिळतो, तो काकासाहेबांच्या सुशिक्षित, समाजकार्य करणाऱ्या मुलीचा. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. रँग्लर परांजपे यांच्या या कन्येने केंब्रिजला गणिताचे शिक्षण घेतले होते. पुढे त्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचे कार्य लोकनिंदा पत्करून अनेक वर्षे केले, आणि १९६४ ते १९७० या काळात त्या राज्यसभेच्या सभासद होत्या. शांता आपटे यांचेही जीवन पडद्यापुरते बाणेदार नव्हते. कंपनीशी मतभेद झाले तेव्हा १९३९ साली त्यांनी तिच्या फाटकाशी उपोषण केले, आणि पुढील वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या व्यवसायातील स्थितीची चर्चा केली. पडद्यावरची बंडखोरी आणि जीवनातली बंडखोरी यांची अशी सांगड नेहमी पडत नाही. ती ‘कुंकू’त पडली.

आता शेवटाकडे वळू. शेवटी काकासाहेबांना आपण केलेला अन्याय उमगतो. पश्चात्तापाने पोळलेले काकासाहेब स्वतःचे जीवन संपवतात आणि नीरेला मोकळी करतात. हा शेवट पाहून काही वाचक विचारतील, की एवढी निश्चयी नायिका निर्माण करून लेखकाने तिची सुटका पतीच्या मृत्यूवर का सोपवावी? या प्रश्नाचे उत्तर कथेत शोधू गेल्यास सापडणार नाही. ते त्या काळच्या कायद्यात आहे. शास्त्रोक्त पद्धतीने झालेला हिंदू विवाह मोडण्याची सोय तेव्हा पुण्यामुंबईच्या कायद्यात नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ साली, आणि साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा झाला १९५५ साली. १९२९ सालचा बालविवाह प्रतिबंधक कायदा होता खरा. त्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणत. परंतु ते नाव देवलांच्या नाटकावरून नव्हे, तर विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून पडले. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरवले. मात्र चौदा वर्षांच्या मुलीने साठ वर्षांच्या पुरुषाशी लग्न करण्यास त्याची आडकाठी नव्हती. नीरेपुढे न्यायालयाचे दार बंद होते. विधवेचा पुनर्विवाह मात्र १८५६ पासून कायदेशीर होता. म्हणजे जिवंत पतीपासून जिला सुटका नाही, तिला तो मेल्यावर नवा संसार मांडता येई! ‘कुंकू’च्या शेवटातील मृत्यू हा असा कायद्यातून आलेला मृत्यू आहे.

नीरेचा नकार ही केवळ कादंबरीकाराची कल्पना होती, असेही समजू नये. तिच्या पन्नास वर्षे आधी मुंबईत रखमाबाई नावाच्या तरुणीने हाच नकार खुद्द न्यायालयात दिला होता. अकराव्या वर्षी, समज येण्यापूर्वी झालेले लग्न आपल्याला बांधील नाही, असे तिचे म्हणणे होते. १८८७ साली न्यायालयाने तिला पतीच्या घरी जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कैद भोगण्याचा हुकूम दिला, तेव्हा तिने कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांच्या जीवनावर २०१६ साली ‘डॉक्टर रखमाबाई’ हा मराठी चित्रपटही निघाला.

तिसरी नायिका सुलभा महाजन. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘उंबरठा’ १९८२ साली प्रदर्शित झाला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकर यांनी त्याची पटकथा लिहिली, आणि सुलभेची भूमिका स्मिता पाटील यांनी केली. या चित्रपटाशी आपल्या गावाचे एक नाजूक नाते आहे. त्याला संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आहे, आणि त्यातील गीते गाणाऱ्या लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरातच झाला.

सुलभेला नीरेसारखे कोणी फसवलेले नाही. तिचा पती सुविद्य वकील आहे, घर सुखवस्तू आहे, सासूबाई स्वतः समाजकार्य करतात, आणि रानी नावाची गोड मुलगी आहे. वरवर पाहता तिला काहीच कमी नाही. परंतु समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या सुलभेला त्या शिक्षणाचा उपयोग करायचा आहे. परगावच्या एका महिलाश्रमाच्या अधीक्षिकेची जागा तिला मिळते, आणि घरच्यांची नाराजी पत्करून ती जाते. आश्रमात तिला आढळते ते निराळेच जग: कोंडलेल्या, टाकलेल्या, मुकाट झालेल्या स्त्रिया, भ्रष्ट कारभार, आणि बाहेरच्या बड्या लोकांपुढे मान तुकवणारी व्यवस्थापक समिती. ती शिस्त लावू पाहते, गैरप्रकार थांबवू पाहते. पण शेवटी चौकशीचा बडगा तिच्यावरच येतो, आणि ती राजीनामा देऊन घरी परतते.

घर मात्र पूर्वीचे राहिलेले नसते. मुलगी जाऊबाईच्या मायेत रमलेली असते. पती सांगतो, की मधल्या काळात आपल्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे. आणि सुलभेने हे निमूट स्वीकारून घरात राहावे, अशी त्याची अपेक्षा असते. सुलभा राहत नाही. ती पुन्हा उंबरठा ओलांडते, आणि एकटीच गाडीत बसते. पाश्चात्त्य वाङ्मयाच्या वाचकांना येथे इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराची १८७९ सालची नोरा आठवेल. नोराही पतीचे घर सोडून जाते. पण नोरा जाते ती स्वतःचा शोध घेण्यासाठी. सुलभेने तो शोध आधीच घेतलेला आहे, आणि त्याची पुरेपूर किंमत मोजून ती दुसऱ्यांदा बाहेर पडते.

आता तिघींचे शेवट शेजारी शेजारी ठेवून पाहू. शारदेचे लग्न मोडते, ते वधूवर सगोत्र असल्याचे उघड झाल्यामुळे. निराश होऊन ती जीव देऊ पाहते, तेव्हा कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्याच्याशी तिचा विवाह होतो. तिच्या दुःखाला वाचा फुटते, पण निर्णय मात्र सारे इतरांचे. नीरा निर्णय स्वतः घेते आणि पाळते. तिची सुटका मात्र दुसऱ्याच्या हातून होते. सुलभेचा निर्णयही तिचा, आणि बाहेर पडणारे पाऊलही तिचेच. तिच्या काळात कायद्याचे दार उघडे होते, लग्नाचे वय वाढले होते, शिक्षणही मिळाले होते. तरी तिची वाट सोपी झाली नाही; कारण घराचा उंबरठा कायद्याने झिजत नाही. ‘बाई बाहेर गेली की घर मोडते’ असे म्हणणारे लोक ‘पुरुष बाहेर गेला तर काय होते’ हा प्रश्न स्वतःला विचारीत नाहीत. सुलभेची खरी झुंज या न विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये, की घर सोडते तीच स्त्री कणखर. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यातील आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई आपल्या माळव्याच्या, उज्जैनला जन्मलेल्या. श्यामची आई कोकणातील खेड्यात, दारिद्र्यात, चुलीशी बसून संसार करते. पण पोहायला भिणाऱ्या मुलाला विहिरीवर धाडताना, किंवा लोभाला बळी पडलेल्या मुलाला वळण लावताना ती कोणाचा सल्ला घेत नाही. तिचे बळ तिच्या विवेकात आहे. मात्र येथे विद्यार्थ्यांनी एक भेद ओळखावा. ही कथा मुलाने सांगितलेली आहे. आई त्याला जशी दिसली तशी आपल्याला दिसते. तिला स्वतःसाठी काय हवे होते, हे तीत फारसे येत नाही. नीरा आणि सुलभा यांच्या कथांत नेमके तेच येते. म्हणूनच, त्यागाचे कौतुक करणारा चित्रपट आणि स्त्रीची इच्छा विचारात घेणारा चित्रपट, हे दोन्ही चांगले असू शकतात. पण ते एक नव्हेत.

कथा कोण सांगते याला असे महत्त्व असल्यामुळे, स्त्रिया स्वतः कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या ही घटनाही मोठी आहे. शकुंतला परांजपे यांची कन्या सई परांजपे यांनी हिंदीत ‘स्पर्श’ आणि ‘कथा’ यांसारखे चित्रपट दिग्दर्शित केले. समाजशास्त्रीय संशोधनाकडून चित्रपटाकडे वळलेल्या सुमित्रा भावे यांनी १९८५ साली झोपडपट्टीतील स्त्रीवर ‘बाई’ हा लघुपट काढला, आणि सुनील सुकथनकर यांच्यासह १९९५ साली ‘दोघी’ हा चित्रपट केला. ‘दोघी’त खेड्यातील दोन बहिणी आहेत. थोरलीवर घराच्या गरजेपायी मुंबईत विपरीत जीवन ओढवते, आणि तिच्याच कमाईवर जगलेले घर पुढे तिला आपले म्हणायला कचरते. येथे खलनायक शोधू गेल्यास सापडत नाही. सापडते ती आपलीच लोकलज्जा. २०२१ साली सुमित्राबाई निवर्तल्या, पण त्यांनी घालून दिलेली पाहण्याची ही रीत राहिली आहे.

विद्यार्थिमित्रहो, आज चित्रपट पाहण्यासाठी नाट्यगृहात किंवा टॉकीजमध्ये जावेच लागते असे नाही. तो तळहातावरच्या पडद्यावर येऊन उभा राहतो. त्यात कणखर म्हणवणाऱ्या नायिकाही पुष्कळ असतात. त्यांतील कोणी दहा गुंडांना लोळवते, कोणी मोटार भरधाव हाकते. त्यांना पाहून आनंद जरूर घ्यावा. परंतु त्याचबरोबर मनाशी विचारावे, की या कथेतील निर्णय कोणाचे आहेत, त्यांची किंमत कोण मोजते, आणि शेवटी सुटका कोणाच्या हातून होते. हे तीन प्रश्न चित्रपटापुरतेच राहू नयेत, अशीही इच्छा आहे. ताईचे शिक्षण कोठवर व्हावे, आईने नोकरी सोडावी की ठेवावी, आजीच्या नावावर घर असावे की नसावे, हे आपल्या घरी कोण ठरवते, तेही पाहावे. इंदुरात शारदेचा पहिला प्रयोग झाला त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. शारदेला कोणी विचारले नव्हते. आपल्या घरातील मुलीला विचारले जाते किंवा नाही, याचे उत्तर कोणत्याही नाटककाराने किंवा दिग्दर्शकाने नव्हे, तर आपणच द्यायचे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘कुंकू’चा शेवट आणि त्या काळचा विवाहविषयक कायदा यांचा संबंध आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

२. सौदामिनी आणि नीरा यांच्या धैर्यात कोणता भेद दिसतो?

३. ‘बेघर’ या कादंबरीवरील चित्रपटाला ‘उंबरठा’ हे नाव दिल्याने अर्थात काय बदल होतो, ते सांगा.

४. आपण अलीकडे पाहिलेला एखादा चित्रपट घ्या, आणि त्यातील नायिकेला वरील तीन प्रश्न लावून पंधरा ओळींत टिपण लिहा. ते घरी आईला किंवा आजीला वाचून दाखवा, आणि त्यांचे मतही लिहून घ्या.